सामायिक अवस्था-व्यवस्थापन, वेब अनुप्रयोगांतील

सामायिक अवस्था-व्यवस्थापन : वेब अनुप्रयोगाच्या दर्शनी भागात, म्हणजे वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीत, एकाहून अधिक घटकांना लागणारी बदलती माहिती एका ठिकाणी ठेवणे, ती ठरावीक मार्गानेच बदलू देणे आणि बदल होताच संबंधित घटकांना त्याची वर्दी देणे, या व्यवस्थेस ही संज्ञा लावतात. एखाद्या क्षणी आज्ञावलीच्या स्मरणात असलेली सर्व माहिती म्हणजे तिची ‘अवस्था’ होय. तीपैकी जी एकाच घटकापुरती असते (उदा., एखादी यादी उघडी आहे की मिटलेली) तिची फारशी चिंता करावी लागत नाही. जी अनेकांना लागते तिच्याबाबतीत मात्र तिचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न उपस्थित होतो.

सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील लोणंद हे गाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील लिलावाची माहिती दाखविणारे एखादे वेबपृष्ठ कल्पिले, तर प्रश्नाचे स्वरूप लगेच ध्यानात येते. पृष्ठाच्या माथ्यावर दिवसाची एकूण आवक व कमाल-किमान भाव, मध्यभागी प्रत्येक वक्कलाची ओळ आणि कडेला निवडलेल्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी, अशी त्याची मांडणी समजू. एका वक्कलाचा भाव क्विंटलमागे १,८०० रुपये असा चुकीचा नोंदला गेला होता व तो दुरुस्त करून १,८५० रुपये करण्यात आला, तर तिन्ही ठिकाणचे आकडे बदलले पाहिजेत. प्रत्येक ठिकाणाने भावाची आपापली प्रत बाळगली असेल, तर त्यांतील एखादी मागे राहण्याचा संभव असतो. मागे राहिलेली प्रत नेमकी पट्टीतील असली आणि माल चाळीस क्विंटल असला, तर शेतकऱ्याच्या पदरी दोन हजार रुपये कमी पडतात. पडद्यावर कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. प्रत्येक आकडा आपल्या जागी खरा वाटतो.

पूर्वपीठिका : एकाच वस्तुस्थितीच्या दोन प्रती झाल्या की त्या एकमेकींपासून फारकत घेतात, ही अडचण संगणकाहून जुनी आहे. लोणंद ज्या पुणे–मिरज लोहमार्गावर आहे, तो दीर्घकाळ एकेरी होता. अशा मार्गावर दोन स्थानकांमधील टप्पा मोकळा आहे की व्यापलेला, ही दोन्ही स्थानकप्रमुखांची सामायिक अवस्थाच म्हटली पाहिजे. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळून सु. २५ माणसे मृत्युमुखी पडली. तारायंत्राने दिलेल्या निरोपाविषयी दोन टोकांच्या समजुती वेगवेगळ्या झाल्या, हे त्या अपघाताचे मूळ होते. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विद्युत् टॅब्लेट यंत्राची पद्धत सिद्ध केली. टप्प्याच्या दोन्ही टोकांची यंत्रे एकमेकांशी जोडलेली असून त्या दोहोंतून मिळून एका वेळी एकच टॅब्लेट बाहेर निघू शकते आणि ती हाती असल्याखेरीज चालकास पुढे जाता येत नाही. भारतातील एकेरी मार्गांवर याच तत्त्वावर चालणारी नील यांची गोळा-टोकन पद्धत प्रचारात आली. दोन माणसांच्या स्मरणावर सोपविलेली गोष्ट एका वस्तूच्या ठायी आणून ठेवणे, हे या साऱ्या यंत्रांचे मर्म होय.

संगणकशास्त्रात या प्रश्नाचा विचार प्रथम झाला तो चित्रमय पडद्याच्या संदर्भात. नॉर्वेचे ट्रिग्व्हे रेन्सकाउग यांनी १९७८-७९ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना आज्ञावलीचे तीन भाग कल्पिले : वस्तुस्थिती धारण करणारे प्रतिमान, ते दाखविणारे दृश्य आणि वापरणाऱ्याच्या सूचना पोहोचविणारा नियंत्रक. एका प्रतिमानाची अनेक दृश्ये असू शकतात, पण प्रतिमान एकच, ही त्यांच्या मांडणीतील मुख्य गोष्ट होती. १९७९ मध्येच डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांची ‘व्हिझिकॅल्क’ ही तक्तामांडणीची आज्ञावली बाजारात आली. तीत एका चौकटीतील आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेल्या चौकटी आपोआप नव्याने मोजल्या जात. दर्शनी भागाच्या पुढील इतिहासात हे दोन विचारप्रवाह आलटून पालटून पृष्ठभागावर येताना दिसतात.

वेबवरील प्रारंभीची स्थिती : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत मांडलेली आणि १९९१ पासून सर्वांना खुली झालेली वेबप्रणाली मुळात विस्मरणशील होती. ब्राउझरने पृष्ठ मागावे, सेवासंगणकाने (सर्व्हरने) ते द्यावे आणि व्यवहार संपावा, अशी तिची रीत. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ‘कुकी’ची योजना करून ग्राहकाची ओळख टिकविण्याची सोय केली, तर ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये त्याच कंपनीसाठी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तरीही दशकभर खरी अवस्था सेवासंगणकावरच राहत असे. प्रत्येक क्लिकसरशी सबंध पृष्ठ नव्याने येई व सोबत सर्व आकडेही नव्याने येत. ही पद्धत संथ होती. पण तीत प्रती मागे राहण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे.

पृष्ठ न बदलता पार्श्वभूमीवर माहिती मागविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये आपल्या ब्राउझरच्या पाचव्या आवृत्तीत आणली. जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांनी तिचे सामर्थ्य लोकांस दाखविले आणि जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये या तंत्रास ‘एजॅक्स’ हे नाव दिले. यानंतर पृष्ठ तासन् तास उघडे राहू लागले. परिणामी अवस्था ब्राउझरमध्ये साचू लागली आणि तिला ठेवण्याची निश्चित जागा कोणीच ठरविलेली नव्हती. जॉन रेसिग यांच्या जेक्वेरी (२००६) या लोकप्रिय लायब्ररीने पृष्ठातील मजकूर बदलणे अतिशय सुकर केले. त्यामुळे पडद्यावरील मजकूर हीच नोंदवही समजण्याची सवय विकसकांना जडली : भाव हवा असेल तर रकान्यातील अक्षरे वाचावयाची, त्यांतून स्वल्पविराम काढावयाचा व संख्या बनवावयाची. लहान पृष्ठांना हे चालून जाई. २०१० च्या सुमारास जेरेमी अश्केनास यांची बॅकबोन, स्टीव्ह सँडरसन यांची नॉकआउट आणि मिश्को हेव्हेरी यांची अँग्युलर-जेएस या लायब्ररी पुढे आल्या. प्रतिमान व दृश्य पुन्हा वेगळी झाली. नॉकआउटने तर तक्तामांडणीतील स्वयंगणनेचा विचार ब्राउझरमध्ये आणला.

फ्लक्स व रिडक्स : प्रतिमाने वेगळी केली तरी ती एकमेकांना बदलू लागली, तर गुंता कायमच राहतो, हे फेसबुकच्या अनुभवाने स्पष्ट झाले. त्या संकेतस्थळावर न वाचलेल्या संदेशांची संख्या माथ्यावर, संभाषणाच्या खिडकीत आणि संदेशांच्या पृष्ठावर अशी निरनिराळ्या ठिकाणी दिसत असे. नवा संदेश आल्याची खूण पाहून वापरणारा तेथे जाई, तर नवे काहीच नसे. दुरुस्ती केली की दोष काही काळ नाहीसा होई व पुन्हा उपटे. कंपनीच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये हा दाखला जाहीरपणे देऊन ‘फ्लक्स’ नावाची रचना मांडली. तीत बदलाचा प्रवाह एकाच दिशेने जातो : कृती, तिचे वाटप करणारा मध्यस्थ, कोठार आणि शेवटी दृश्य. दृश्याने कोठारास परस्पर हात लावावयाचा नाही, असा तीत दंडक आहे. कंपनीने जॉर्डन वॉक यांची रिॲक्ट ही लायब्ररी २०१३ मध्ये खुली केली होती. अवस्था दिली असता दृश्य काय असावे एवढेच सांगावयाचे, हा तिचा दृष्टिकोन या रचनेस पूरक ठरला.

डॅन अब्रामोव्ह यांनी अँड्र्यू क्लार्क यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये तयार केलेली ‘रिडक्स’ ही या विचाराची सर्वांत प्रसिद्ध परिणती होय. तिचा जन्म पॅरिस येथील परिषदेतील एका व्याख्यानाच्या तयारीतून झाला आणि तीवर एव्हान चाप्लिकी यांच्या एल्म (२०१२) या भाषेचा प्रभाव आहे. संपूर्ण अनुप्रयोगाची अवस्था एकाच कोठारात असावी, ती केवळ वाचता यावी आणि बदल हा जुनी अवस्था व घडलेली कृती यांवरून नवी अवस्था काढणाऱ्या शुद्ध फलनाकडूनच व्हावा, हे तिचे तीन नियम. प्रत्येक कृतीची नोंद ठेवता येत असल्यामुळे मागील अवस्थांमध्ये फिरून येता येते. लिलावाच्या उदाहरणात बोलावयाचे तर खाडाखोड न करता प्रत्येक दुरुस्ती नव्या ओळीत लिहिणाऱ्या रोजकीर्दीसारखी ही पद्धत आहे. भाव कोणत्या क्षणी व कोणत्या कृतीने बदलला हे नंतर दाखविता येते. जेथे अनेक विकसक एकाच आज्ञावलीवर काम करतात, तेथे या शिस्तीचे मोल मोठे आहे.

तथापि शिस्तीचा खर्चही मोठा होता. एक आकडा बदलण्यासाठी कृतीचे नाव, कृती घडविणारे फलन, अवस्था काढणारे फलन आणि दृश्याशी सांधणारा भाग, असे तीन-चार ठिकाणी लिखाण करावे लागे. चार पृष्ठांच्या संकेतस्थळासही हा सारा सोपस्कार केवळ प्रघात म्हणून करण्यात येऊ लागला. स्वतः अब्रामोव्ह यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये लेख लिहून, तुम्हांला रिडक्सची गरज असेलच असे नाही, असे बजावले. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. रिडक्सचा गाभा आकाराने लहानच होता. जड होते ते तिच्याभोवतीचे विधिविधान. ते पुष्कळसे कमी करणारा ‘रिडक्स टूलकिट’ हा संच २०१९ मध्ये स्थिर स्वरूपात उपलब्ध झाला. दरम्यान मिशेल वेस्टस्ट्राटे यांच्या ‘मोबएक्स’ने (२०१५; प्रारंभीचे नाव मोबझर्व्हेबल) तक्तामांडणीचा जुना मार्ग पुन्हा चोखाळला होता.

हलक्या लायब्ररी : रिॲक्टमध्ये २०१८ साली सुधारित ‘संदर्भ’ (काँटेक्स्ट) सुविधा आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘हूक’ आले. संदर्भाद्वारे एक मूल्य दूरवरच्या घटकांपर्यंत पोहोचविता येते, पण ते बदलताच त्याचा उपयोग करणारे सर्व घटक पुन्हा रेखाटले जातात. सतत बदलणाऱ्या मोठ्या अवस्थेस ते सोयीचे नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या लहान लायब्ररींपैकी पोइमँड्रेस या विकसकगटाची ‘झुस्टँड’ (२०१९) सर्वाधिक रूढ झाली. तिचे नाव जर्मन भाषेतील असून मूळ उच्चार त्सुश्टांट असा आहे, अर्थ ‘अवस्था’. पुढे तिची जोपासना टोकिओ येथील दाइशी कातो यांनी केली. त्यांच्याच ‘जोताई’ (२०२०) या लायब्ररीचे नावही जपानीत ‘अवस्था’ असाच अर्थ देते. व्ह्यू या प्रणालीसाठी एदुआर्दो सान मार्तिन मोरोते यांनी तयार केलेली ‘पिनिया’ (अननस या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून) २०२२ पासून तिची अधिकृत शिफारस ठरली. स्वेल्ट प्रणालीत तर कोठार अंगभूतच आहे.

अशा कोठाराचा गाभा शंभर ओळींच्या आत मावतो व त्याची रचना समजण्यास कठीण नाही. त्यात एक चल असून तीत चालू अवस्था असते. याखेरीज वर्गणीदारांची एक यादी असते. बाहेरच्या आज्ञावलीस तीनच फलने उपलब्ध असतात : अवस्था वाचणे, अवस्था बदलणे आणि वर्गणीदार होणे. बदलण्याचे फलन जुन्या वस्तूत खाडाखोड न करता नवी वस्तू तयार करते, ती जुनीहून वेगळी आहे काय ते तपासते व असल्यास यादीतील प्रत्येकास हाक देते. नवी वस्तू करण्याचा आग्रह यासाठी, की दोन वह्या एकच आहेत का हे पाहणे क्षणाचे काम असते, तर त्यांतील ओळ न् ओळ ताडून पाहण्यास वेळ लागतो.

प्रत्येक वर्गणीदार आपल्या गरजेपुरता भाग निवडणारे फलनही देतो. लिलावाच्या पृष्ठावरील पट्टी एकाच शेतकऱ्याच्या वक्कलाचा भाव निवडते. त्यामुळे शेजारच्या वक्कलाची बोली चढली तरी पट्टी नव्याने रेखाटली जात नाही. कमाल-किमान भाव, एकूण आवक किंवा हमाली-तोलाई वजा जाता उरणारी रक्कम या गोष्टी कोठारात ठेवावयाच्याच नाहीत. त्या मूळ भाव व वजन यांवरून दर वेळी काढावयाच्या. हा नियम लायब्ररी लादत नाही. तो न पाळणाऱ्यास कोणतीही लायब्ररी वाचवू शकत नाही, कारण साठविलेली बेरीज ही देखील एक प्रतच असते.

या साधेपणात काही धोके दडलेले आहेत. निवडणारे फलन दर वेळी नवी यादी बनवून देत असेल (उदा., पाचशे रुपयांवरील भावांची वक्कले गाळून घेणे), तर आशय तोच असूनही वस्तू नवी दिसते; घटक वृथा पुन्हा रेखाटला जातो आणि काही वेळा हे चक्र थांबतच नाही. यावर वरवरची तुलना करणारे साहाय्यक फलन वापरतात. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. असे कोठार सामान्यतः आज्ञावलीच्या एका विभागात सर्वांसाठी एकदाच निर्माण होते. ब्राउझरमध्ये ते ठीक असते, कारण तेथे वापरणारा एकच असतो. परंतु पृष्ठ सेवासंगणकावर आधी रेखाटून पाठविण्याची पद्धत असेल, तर तेच कोठार अनेकांच्या मागण्यांना सामायिक होते आणि एका शेतकऱ्याची पट्टी दुसऱ्यास दिसण्याची आपत्ती ओढवू शकते. म्हणून तेथे प्रत्येक मागणीस स्वतंत्र कोठार निर्माण करणे आवश्यक असते. तिसरी अडचण रिॲक्टच्या अठराव्या आवृत्तीबरोबर (मार्च २०२२) आली. तीत रेखाटन मध्येच थांबवून पुढे चालू करता येते. दरम्यान बाहेरचे कोठार बदलल्यास पडद्याचा अर्धा भाग जुन्या व अर्धा नव्या अवस्थेवरून रेखाटला जाण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी बाह्य कोठाराशी सांधणारा खास हूक त्याच आवृत्तीत देण्यात आला व लहान लायब्ररींनी तो स्वीकारला.

हलकेपणाचे महत्त्व केवळ सौंदर्यदृष्टीचे नाही. चित्र एकदा उतरवून घेतले की काम बव्हंशी संपते. जावास्क्रिप्ट मात्र उतरविल्यावर तिचा अर्थ लावावा लागतो व ती चालवावी लागते आणि हा भार वापरणाऱ्याच्या यंत्रावर पडतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भारतात मोबाइलवरील इंटरनेट बरेच स्वस्त झाले, पण त्यामुळे स्वस्त फोनमधील प्रक्रियक वेगवान झाला नाही. विकसक आपले काम महागड्या संगणकावर पाहतो. बाजार आवारात गोण्यांवर बसलेला शेतकरी तेच पृष्ठ उन्हात, जुन्या फोनवर उघडतो. झुस्टँडचा संक्षेपित आकार सु. एक किलोबाइट आहे. अर्थात अवजड चित्रे व जाहिराती यांनी लादलेल्या पृष्ठावर ही बचत नगण्य ठरते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अलीकडील प्रवाह : कोठारात काय ठेवू नये, याविषयीची जाण २०१९ नंतर विशेष वाढली. लिलावाचा भाव ही ब्राउझरची मालमत्ता नव्हे. तो बाजार समितीच्या नोंदीतील भावाची उसनी प्रत असतो व तो उतरवून घेतल्या क्षणापासून शिळा होऊ लागतो. अशा उसन्या माहितीसाठी टॅनर लिन्स्ली यांची ‘रिॲक्ट क्वेरी’ आणि व्हर्सेल कंपनीची ‘एसडब्ल्यूआर’ यांसारख्या वेगळ्या लायब्ररी निघाल्या. माहिती किती वेळ ताजी समजावी, ती पुन्हा केव्हा मागवावी आणि तोवर जुनी दाखवावी काय, हे प्रश्न त्या हाताळतात. हा भाग वेगळा काढल्यावर सामायिक कोठारात उरते ते थोडकेच : निवडलेला शेतकरी, लावलेली चाळणी, अर्धवट भरलेला अर्ज इत्यादी. मोठ्या कोठाराची निकड कमी होण्यामागे लहान लायब्ररींच्या गुणांइतकाच या विभागणीचाही वाटा आहे.

लायब्ररींचे आयुष्य मात्र बेभरवशाचे असते. फेसबुकने २०२० मध्ये मोठ्या गाजावाजाने पुढे आणलेली ‘रिकॉइल’ पुढे दुर्लक्षित राहिली व जानेवारी २०२५ मध्ये तिचे काम अधिकृतपणे बंद करण्यात आले. दुसरीकडे रायन कार्निएटो यांच्या सॉलिड प्रणालीने लोकप्रिय केलेले ‘सिग्नल’, म्हणजे आपले वाचक स्वतःच ओळखणारे मूल्य, प्रिॲक्टमध्ये २०२२ साली आणि अँग्युलरच्या सोळाव्या आवृत्तीत २०२३ साली आले. स्वेल्टच्या पाचव्या आवृत्तीनेही (२०२४) हाच मार्ग धरला. सिग्नल जावास्क्रिप्ट भाषेतच अंतर्भूत करावेत, असा प्रस्ताव त्या भाषेच्या प्रमाणीकरण समितीपुढे २०२४ मध्ये मांडण्यात आला व तो पहिल्या टप्प्यावर स्वीकारला गेला. तो पूर्णत्वास गेल्यास व्हिझिकॅल्कच्या चौकटींतील स्वयंगणना ब्राउझरच्या भाषेचाच भाग होईल आणि अशा कोठारांतील बराचसा भाग लायब्ररीवाचून लिहिता येईल.